वाळूच्या रंगाचे फुगे

हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही हसणारच. फक्त हातातला चहा आधी संपवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगताना एका भल्या माणसाच्या नाकातून चहा आला, आणि तो माझ्याच शर्टावर.

तर मी नितीन खैरनार, मूळचा नाशिकचा, कुवेतमध्ये सेफ्टी इंजिनिअर. म्हणजे दुसऱ्या कुणी घोटाळा करू नये म्हणून मला पगार मिळतो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं ऐकताना माझी जास्तच कीव येईल.

बुधवारची संध्याकाळ होती. मी शुवैखच्या एका गॅरेजमध्ये उभा. माझ्या गाडीचा सायलेन्सर बाहेर काढून ठेवलेला. एका बाजूला ग्राइंडर किंचाळतोय, दुसऱ्या बाजूला एक जण दाराचा पत्रा असा बडवतोय, जणू त्या दाराने त्याच्या घरच्यांचा अपमान केला होता. आणि नेमका त्याच वेळी आमच्या मुदीरांचा, म्हणजे मॅनेजरसाहेबांचा फोन.

मुदीरांना सगळे बू सालेम म्हणतात. दिलदार माणूस. माझ्याशी ते हिंदीतच बोलतात. ते हिंदी त्यांनी लहानपणी घरी कामाला असलेल्या माणसांकडून उचललंय, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर आणि व्याकरण शून्य.

"नितीन! सनीचर सुबह हुबारा छोडेगा. रेगिस्तान में. कंपनी का प्रोग्राम. तुम आना."

आता हुबारा म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत असतं तर आज सांगायला काही उरलंच नसतं. तुम्हाला मात्र आधीच सांगून ठेवतो. हुबारा हा पक्षी. आपल्या माळढोकाचा धाकटा चुलत भाऊ म्हणा. लांब मान, उंच पाय, लांबून पाहिलं तर एखादी डाएटवर असलेली टर्की कोंबडी वाटावी. रंग हुबेहूब वाळूचा. पूर्वी इथल्या वाळवंटात पुष्कळ असायचा. मग लोकांनी ससाणे सोडून त्याची शिकार केली, जीपगाड्यांनी जमीन तुडवली, शेळ्या-मेंढ्यांनी झुडपं फस्त केली, आणि हुबारा दिसेनासा झाला. आता काही मंडळी त्याची पिंजऱ्यात पैदास करून त्याला परत वाळवंटात वसवायला बघतायत. आमची कंपनी त्या कामाला मदत करते.

हे सगळं ज्ञान मला शनिवारी सकाळी मिळालं. बुधवारी माझ्या कानात ग्राइंडर होता, आणि मला ऐकू आलं, 'गुबारा.'

गुबारा! म्हणजे गुब्बारा, हिंदीतला फुगा! वाळवंटात, कंपनीचा कार्यक्रम, फुगे सोडायचे. यात न पटण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा!

"कितना छोडेगा, सर?"

"तीस-चालीस."

"और कलर?"

"कलर? कलर रेत का. दूसरा कौन सा कलर होता है?"

मला वाटलं, साहेबांची अभिरुची साधी आहे. मी म्हटलं, "ठीक है सर, मैं ले आता हूँ."

"तुम? तुम कहाँ से लाएगा?"

"हवल्ली से, सर. वहाँ बहुत दुकान हैं."

त्यावर बू सालेम असे हसले, असे हसले की ग्राइंडरचा आवाज त्यात बुडाला. "हवल्ली के दुकान में हुबारा! वल्लाह, नितीन, तुम बहुत मजाक करता है!"

साहेब खूश आहेत म्हटल्यावर मीही हसलो. नोकरीत ते करावंच लागतं.

"लेकिन सुनो," ते म्हणाले, "पेट जास्ती नहीं भरना. भारी होगा तो उडेगा नहीं."

"नहीं सर, मैं तो फुल टाइट भरूँगा. तभी तो उडेगा!"

पुन्हा हसू. "ये सब डॉक्टर मनाल देखेगी. तुम गाडी लाओ, कुर्सी लाओ, पानी लाओ. पिछला साल बहुत मुश्किल हुआ. आधा तो लोमडी खा गया."

कोल्ह्याने फुगे खाल्ले! मला गलबलून आलं. वाळवंटातला भुकेला जीव, मिळेल ते खाणार बिचारा.

"और बाकी, सर?"

"बाकी इराक चला गया."

वारा तिकडचा असेल. शक्य आहे.

"और एक बात. डर गया तो पीछे से छोडता है. जोर से! कपडा खराब."

"आप फिकर मत करो सर. मैं पीछे से गाँठ टाइट बाँधूँगा."

यावर ते इतके हसले की खोकायलाच लागले आणि फोन बंद झाला. मी अगदी समाधानाने खिशात मोबाइल टाकला. बघा, एका फोनमध्ये सगळी माहिती घेतली की नाही? संख्या, रंग, धोके, उपाय. शिवाय कार्यक्रमाला डॉक्टरही ठेवलाय. सेफ्टीवाल्याला आणखी काय हवं?

घरी आल्यावर आमच्या हिला, वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण वाळवंटात फुगे कशाला?"

"कॉर्पोरेट इव्हेंट आहे गं. तुला नाही कळायचं."

"तुम्हाला कळलंय ना?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. आमची लेक रेवा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बेज बलून्स, बाबा? दॅट्स सो सॅड."

शुक्रवारी हवल्लीतल्या पार्टीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार केरळचा. गुलाबी, निळे, चंदेरी, सोनेरी, सगळे फुगे त्याने काउंटरवर ओतले. मी म्हटलं, "रेत का कलर चाहिए."

"शादी है?"

"नहीं."

"बर्थडे?"

"नहीं."

तो गंभीर झाला. आवाज खाली आणून म्हणाला, "कौन गया?"

शेवटी त्याने मागच्या खोलीतून धूळ खात पडलेलं एक पाकीट काढलं. वर्षानुवर्षं कुणी विचारलं नसणार. मी चाळीस सांगितले होते. त्याने शंभर फुग्यांचं अख्खं पाकीटच भरून दिलं, सुटका झाली म्हणून. आणि मी त्याच्या डोक्यावर उभा राहून एकेक फुगा हेलियमने असा तट्ट भरून घेतला की बोटाने टिचकी मारली तर तबल्यासारखा वाजावा. गाठीही दोन-दोन मारायला लावल्या. पीछे से सुटता कामा नये!

शनिवारी पहाटे आमच्या कंपनीची मोठी व्हॅन घेऊन निघालो. ड्रायव्हर बाबू गावकर, देवगडचा. त्याने मागचं दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "काय ओ साहेब, ह्या लगीन कोणाचा?"

"लग्न नाही रे. कार्यक्रम आहे. फुगे सोडायचेत."

"वाळवंटात?"

"हो."

बाबूने थोडा विचार केला. "साहेबांका पैशे जास्त झाले," असा निर्णय देऊन त्याने गाडी चालू केली. वाटेत खड्ड्यातून गाडी गेली की मागे सगळे फुगे एकमेकांना घासून किंचाळायचे, आणि बाबू आरशात बघून म्हणायचा, "गप ऱ्हवा रे!"

शहर मागे पडलं, मग विजेचे खांबही संपले. पुढे तारेचं लांबच लांब कुंपण लागलं. कुंपणाच्या अलीकडे नुसती उघडी वाळू, आणि पलीकडे गुडघ्याएवढी झुडपं पसरलेली. आत एक तंबू, थंडीत फरचे झगे घालून बसलेले पाहुणे, आणि तंबूवर मोठं बॅनर. बॅनरवर एका पक्ष्याचं चित्र.

आता तरी कळायला हवं होतं, नाही का? मला वाटलं, कुठल्यातरी फ्रोझन टर्कीवाल्यांनी स्पॉन्सरशिप दिलीय.

तेवढ्यात एक बाई झपझप चालत आल्या. पायात बूट, डोक्याला स्कार्फ, गळ्यात दुर्बीण. याच डॉक्टर मनाल. मी आदराने विचारलं, "डॉक्टर, फर्स्ट एडची सोय आहे ना?" त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि इंग्रजीत हळू आवाजात सांगायला लागल्या.

"तुमच्या माणसांना शांत राहायला सांगा. ते फार घाबरलेले आहेत. बाहेरचं जग त्यांनी कधी पाहिलेलंच नाही."

मी वळून पाहुण्यांकडे पाहिलं. सगळे गुटगुटीत, निवांत कॉफी पीत होते.

"खरंच?" मी म्हटलं.

"मी स्वतः वाढवलंय त्यांना. अंड्यातून बाहेर आले तेव्हापासून. मोठा आवाज झाला तर जमिनीवर सपाट झोपतात. मग तासन्तास उठत नाहीत."

अंड्याचं मी इंग्रजीतली काहीतरी म्हण म्हणून सोडून दिलं. पण त्या भल्या माणसांबद्दल मला अपार करुणा वाटली. इतके मोठे लोक, आणि आतून इतके नाजूक! मी म्हटलं, "काळजी करू नका, मॅडम. मी त्यांच्यासाठी जास्तीच्या खुर्च्या आणल्यात."

मॅडम निघून गेल्या. तंबूपासून थोड्या अंतरावर जाळीचा एक मोठा पिंजरा होता, आत झुडपं. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मी व्हॅनच्या मागे सज्ज. बाबूचा हात दाराच्या कडीवर.

सूर्य वर आला. बू सालेम उठले, चार वाक्यं अरबीत बोलले, टाळ्या झाल्या. मग त्यांनी हात उंच केला आणि गर्जना केली, "यल्ला! छोडो!"

ते पिंजऱ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसांना म्हणाले होते. पण आमचं दार आधी उघडलं.

अहो, काय सांगू! व्हॅनमधून एक मातकट ढगच बाहेर पडला! वाळूच्या रंगाचे शंभर फुगे, लांबून बघणाऱ्याला वाटावं की वाळवंटच उठून उडायला लागलंय. पाहुणे आ वासून बघत राहिले. मग एकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मोबाइल वर झाले. मी छाती पुढे काढून बू सालेमांकडे पाहिलं.

ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचा हात अजून वरच होता, आणि चेहरा कुणी पुसून टाकल्यासारखा.

फुगे वर जायला हवे होते ना? पण रात्रभर थंडीत राहून निम्म्यांचा जोम गेलेला. ते जमिनीलगत तरंगत थेट त्या जाळीच्या पिंजऱ्यावर गेले. जाळीच्या तारांची टोकं वर आलेली. फाट्! फट्-फट्! फाट्! मी भरूनच असे घेतले होते की एकेक गोळीसारखा वाजला. तिकडे कुंपणावरच्या पहारेकऱ्यांना वाटलं शिकारी घुसले. ते ओरडत, शिट्ट्या फुंकत जीप घेऊन आले. एक पाहुणे खुर्चीसकट मागे पडले. मी बाबूला म्हटलं, "बघ, मॅडम म्हणाल्याच होत्या, हे सपाट झोपतात."

तेवढ्यात मॅडमच माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?" असं त्या ओरडल्या.

"गुबारे!"

"हुबारा!"

"हो, गुबारा!"

"हु-बा-रा!" आणि त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा बॅनरकडे वळवला. हो, अक्षरशः धरून.

मी बॅनर पाहिलं. मग पिंजरा पाहिला. मग बॅनरवरच्या पक्ष्याचा रंग पाहिला. रेत का कलर. पेट जास्ती नहीं भरना. लोमडी खा गया. बुधवारचं एकेक वाक्य माझ्या डोक्यात परत आलं, आणि प्रत्येक वाक्याने येताना एक थोबाडीत दिली.

"मॅडम," मी विचारलं, "पक्षी कुठायत?"

"समोर! सगळे समोर आहेत!"

आणि खरंच होते. दार सताड उघडं, आत तीस-चाळीस पक्षी, पण एकही दिसत नव्हता. सगळ्यांनी माना जमिनीवर टाकून स्वतःची वाळू करून घेतली होती. पाहुणे दुर्बिणी लावून बघत राहिले. नाश्ता झाला, कॉफीच्या फेऱ्या झाल्या. पक्षी काही हलले नाहीत. शेवटी एकेक जण उठला. एक वृद्ध गृहस्थ जाताना बू सालेमांचा हात हातात घेऊन म्हणाले, "फार सुंदर! पूर्वीचे हुबारा मी पाहिलेत, पण ते इतके गोल नव्हते."

बू सालेम माझ्याकडे आले. मी मान खाली घातली. नोकरी गेली, असंच वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नितीन, गाँठ टाइट बाँधा था?" आणि तंबूत जाऊन पडून राहिले.

मॅडमचा राग मात्र असा संपणारा नव्हता. त्यांनी मला आणि बाबूला झुडपांत नेलं. "हे अरफजचं झुडूप. इथे जनावरं चरायची बंद केली, गाड्या बंद केल्या, तेव्हा कुठे बऱ्याच वर्षांनी हे परत उगवलंय. झुडूप आलं म्हणून किडे आले. किडे आले म्हणून पक्षी सोडता येतो. नुसता पक्षी आणून सोडला तर काय खाईल, कुठे लपेल? आणि तुम्ही या झुडपांवर काय पसरलंत? रबर! पक्ष्याने गिळलं तर मरेल. एकही तुकडा राहता कामा नये."

त्यांचा आवाज शेवटी कापरा झाला होता. तेव्हा मला हसण्यासारखं काही वाटलं नाही, खरं सांगतो. कुणीतरी वर्षानुवर्षं राबून एकेक झुडूप परत आणावं, आणि आपण तिथे बर्थडेचं सामान ओतावं!

मग काय, मी आणि बाबू गुडघ्यांवर. अरफजच्या काड्यांमध्ये हात घालून तुकडे वेचायचे, आणि तुकड्यांचा रंग कुठला? वाळूचा! लाल घेतले असते तर तासाभरात झालं असतं! बाबू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, पुढच्या टायमाक जरा कलरफुल आणा."

असा रांगत मी एका झुडपापाशी आलो. पलीकडे एक तुकडा दिसला म्हणून हात घातला. तो तुकडा कोमट होता. त्याला पिसं होती.

मी हळूच डोकं खाली केलं. नाकासमोर, वीतभर अंतरावर, एक पिवळा गोल डोळा माझ्याकडे बघत होता. उघड्या दारातून सरपटत एवढ्या लांब आलेला एक हुबारा. इतका देखणा पक्षी मी आयुष्यात जवळून पाहिला नव्हता. मानेवर काळी-पांढरी झालर, पाठीवर वाळूत कुणी बारीक नक्षी काढावी तशी पिसं. मी श्वास रोखला. तोही रोखून होता. मला भरून आलं. वाटलं, याला काहीतरी बोलावं. मी अगदी प्रेमाने म्हटलं, "सॉरी हं."

तो उठला. वळला. माझ्याकडे पाठ केली.

आणि पीछे से छोडा. जोर से!

तुम्हाला वाटत असेल पक्ष्याची विष्ठा ती केवढी असणार! साहेब, पिचकारी! हिरवट, चिकट, गरम. चष्मा, मिशी, कॉलर, सगळं एका फटक्यात. मी आंधळा होऊन उलटा पडलो. बाबू पळत आला, मला बघून पुन्हा मागे पळाला, आणि लांबूनच ओरडला, "साहेब, काय लागला तुमका?"

पण खरी कमाल पुढेच. मॅडम धावत आल्या, आणि माझा तो अवतार बघून त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या! डोळ्यांत पाणी!

"त्याने केलं! त्याने स्वतः केलं!"

मी मिशी पुसत म्हटलं, "मलाही कळलंय, मॅडम."

"तुम्हाला नाही कळलंय! ससाणा अंगावर आला की रानातला हुबारा हेच करतो. ससाण्याचे पंख चिकटतात, त्याला उडता येत नाही. पण पिंजऱ्यात वाढलेल्यांना शत्रूच माहीत नसतो. कोल्हा आला तरी हे बघत उभे राहतात, म्हणून तर मागच्या वर्षी खाल्ले गेले. आज पहिल्यांदा यांना कळलं, घाबरायचं कसं, लपायचं कसं आणि उलटायचं कसं!"

मी तसाच, गालावरून ओघळत असलेल्या अवस्थेत उभा राहिलो. एवढ्या मनापासून माझं कौतुक आमच्या घरीसुद्धा कधी झालेलं नाही.

सूर्य कलेपर्यंत आम्ही तुकडे वेचले. संध्याकाळी पक्षी एकेक करून उठले, झुडपांतून इकडेतिकडे बघत वाळवंटात चालते झाले. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं. आम्ही तिघंच होतो, आणि तंबूत घोरणारे बू सालेम.

नोकरी राहिली. उलट काही महिन्यांनी मॅडमचा फोन आला. पक्ष्यांची नवी तुकडी तयार होती, सोडायच्या आधी मी यावं अशी त्यांची इच्छा.

"फुगे आणू?" मी घाबरत विचारलं.

"नको, फुग्यांची गरज नाही. आम्ही यांच्यासाठी कोल्ह्याचा पुतळा करून पाहिला, शिकवलेला ससाणाही आणून पाहिला. ते ढिम्म हलत नाहीत. फक्त तुम्ही या. जाळीजवळून रांगत जा. आणि शक्य झालं तर ते 'सॉरी हं' म्हणा."

गेलो. रांगलो. म्हटलं. पिंजऱ्यातले सगळे पक्षी क्षणात सपाट!

शेजारी नवे पाहुणे उभे होते. त्यांच्यापैकी एकाने बू सालेमांना विचारलं, हा गुडघ्यांवर चाललेला इसम कोण? बू सालेमांनी माझ्याकडे अभिमानाने बोट दाखवलं आणि माझ्यासाठी मुद्दाम हिंदीत सांगितलं,

"ये हमारा सेफ्टी इंजिनिअर. इसको देखते ही सब अपने आप छुप जाता है."